सायकलवाटांवरून नकाशात होणारे तंटे: पाहणीपासून मिटवामिटवीपर्यंतची क्रमवार पद्धत

सोलापूरच्या आसपासच्या माळावरील एखादी पायवाट ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही संपादन करता येणाऱ्या खुल्या नकाशावर येते, रविवारी सकाळी माउंटन बाइकवाले तिच्यावरून जाऊ लागतात, कोणाच्या तरी शेतातले पीक तुडवले जाते आणि तक्रार होते. मग एक मॅपर ती रेषा खोडतो, दुसरा आठवड्याभरात ती परत काढतो आणि तिसरा दोघांनाही नियम शिकवू लागतो. असे तंटे मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांतला एक माझ्याच चुकीने सुरू झाला होता. जवळजवळ प्रत्येक वेळी गफलत एकाच जागी होते. वाट जमिनीवर आहे का, हा एक प्रश्न आणि त्या वाटेने सायकल नेऊ देतात का, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर रेषेने द्यायचे असते, दुसऱ्याचे टॅगने, म्हणजे रेषेला जोडलेल्या माहितीच्या नोंदीने. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आले म्हणून पहिल्याचेच उत्तर पुसून टाकले की भांडण पेटते.

या लेखात टॅगची नावे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. संपादन करताना ती मूळ रोमन लिपीतच, लहान अक्षरांत टाकावी लागतात.

## टप्पा १: घरी बसून करायची तयारी

संपादनाला हात लावण्यापूर्वी त्या रेषेचा इतिहास उघडावा. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक रेषेच्या सगळ्या आवृत्त्या जपलेल्या असतात. कोणी, कधी, कोणता टॅग बदलला आणि बदलताना काय कारण दिले, हे सगळे तिथे दिसते. खोडलेल्या रेषेचाही इतिहास पाहता येतो. आवृत्त्या वाचताना तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: मूळ रेषा जीपीएसच्या नोंदीवरून काढली की उपग्रहचित्रावरून, प्रवेशाविषयीचा टॅग कोणत्या आवृत्तीत आला आणि तो टाकणारा जागेवर गेला होता असे कुठे लिहिले आहे का. निम्म्या वेळा इथेच कळते की भांडणारे दोघेही त्या वाटेवर कधी गेलेले नाहीत.

त्यानंतर जमिनीचा प्रकार समजून घ्यावा. भूमी अभिलेख विभागाच्या गाव नकाशात पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. दोन गावांच्या शिवेवरचा रस्ताही त्यात ओळखू येतो. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात एखाद्या वहिवाटीची नोंद असू शकते. ही कागदपत्रे पाहायची ती केवळ जागेवर कोणते प्रश्न विचारायचे हे ठरवण्यासाठी.

सावधान: गाव नकाशावरील किंवा गूगल मॅप्सवरील रेषा गिरवून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आणू नये. ज्या स्रोताचा परवाना ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्याशी जुळत नाही, त्यावरून काढलेली रेषा खरी असली तरी काढून टाकली जाते, आणि मग तुमची बाकीची बाजू कितीही बरोबर असली तरी ती ऐकून घ्यायला कोणी उरत नाही.

## टप्पा २: जागेवर जाणे

पाहणीची वेळ निवडताना पिकाचे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवावे. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक निघते. काळ्या रानातील बांधालगतची वाट नांगरटीत दिसेनाशी होते आणि पेरणीनंतर माणसांच्या पायांनी पुन्हा उमटते, कधी जुन्या जागी, तर कधी चार हात अलीकडे. त्यामुळे मे महिन्यात ‘वाट नाही’ म्हणणारा आणि डिसेंबरात ‘वाट आहे’ म्हणणारा, दोघेही खरे बोलत असतात. वाद अशा वाटेचा असेल तर एक फेरी पुरत नाही. पीक उभे असताना एक आणि रान मोकळे असताना एक, अशा दोन फेऱ्या कराव्याच लागतात. मुरमाड माळावर हा त्रास नाही, तिथली वाट वर्षभर जागा सोडत नाही. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत सायकल घालू नये. दहा पावलांत चाक फोर्कमध्ये अडकते, आणि तुमच्या चाकांनी पडलेली चाकोरी पुढे ‘वाट’ म्हणून कोणीतरी नोंदवतो.

फोनवरील जीपीएसची नोंद दर सेकंदाला एक बिंदू अशी ठेवावी आणि वाट जाताना व येताना अशी दोन्ही दिशांनी नोंदवावी. चहाला थांबलात तर नोंद थांबवावी, नाहीतर टपरीभोवती सुतळीचा गुंता दिसतो आणि कोणीतरी तोही नकाशात काढतो. फलक, फाटक, तारेचे कुंपण आणि वाट फुटण्याची जागा यांची छायाचित्रे घ्यावीत, पण त्यांत माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक येऊ देऊ नयेत.

आता विचारपूस. मार्गदर्शन म्हणून सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बांधावर भेटलेल्या माणसाला ‘इथून सायकलने गेलो तर चालेल का?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे: ‘जावा की, कोण अडवतंय.’ हे एका पाहुण्याला दिलेले सौजन्याचे उत्तर आहे. त्याला परवानगी समजणे ही माझी पहिली चूक होती. हिप्परगा तलावाच्या मागच्या बाजूला अशाच एका उत्तरावरून मी एका बांधावरच्या वाटेला ‘बायसिकल=यस’, म्हणजे सायकलींना मुभा, हा टॅग लावला. पुढच्याच हंगामात, ज्वारी हुरड्याला आली असताना, पंधराएक जणांचा जथा नकाशा पाहून तिथे गेला. दोन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या, दगड ठेवून दाबलेल्या. शेतमालकाने मला ओळखले आणि म्हणाला, ‘तुमी एकटं आला हुता तवा मी काय बोललो न्हाई. ही जत्रा कुणी बोलावली?’

म्हणून प्रश्न पुढीलप्रमाणे विचारावेत आणि उत्तरे त्याच दिवशी लिहून ठेवावीत:

१. ‘दर रविवारी पंधरा-वीस सायकली आल्या तर चालेल का?’ संख्या सांगितल्याशिवाय खरे उत्तर मिळत नाही.

२. ‘रान तुमचे, की वाट्याने करता?’ वाटेकरी किंवा सालगडी जे सांगतो ते मालकाचे म्हणणे असेलच असे नाही, आणि भाऊबंदकीत अडकलेल्या जमिनीत तर एका भावाचा होकार दुसऱ्याच्या नकाराचे कारण ठरतो.

३. ‘या काट्या गुरांसाठी आहेत की माणसांसाठी?’ पुष्कळदा त्या फक्त गुरे पिकात शिरू नयेत म्हणून लावलेल्या असतात आणि माणसाने बाजूला सारून पुन्हा जागेवर ठेवाव्यात एवढीच अपेक्षा असते. मी स्वतः हे विचारायला एक आठवडा उशीर केला, आणि तोवर कोणीतरी त्या काट्या ‘गेट’ म्हणून नकाशात नोंदवल्या होत्या.

४. ‘पायी जाणाऱ्यांना वाट आहे का?’ पायी चालणाऱ्यांची वहिवाट आणि सायकलवाल्यांची हौस यांचे उत्तर वेगवेगळे असू शकते.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बऱ्याच गावांत कानडी बोलणारा सोबती बरोबर असावा. तिथे मराठीतल्या प्रश्नाला उत्तर मिळते, पण थोडक्यात.

तपासणी: परत येईपर्यंत तुमच्याकडे जीपीएसच्या दोन नोंदी, तारखेसह छायाचित्रे आणि किमान एका जबाबदार माणसाचे म्हणणे असावे. यांतले काही नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## टप्पा ३: आधी फक्त वाट नोंदवणे

उपग्रहचित्र जमिनीच्या तुलनेत काही मीटर सरकलेले असू शकते. म्हणून आधी आपल्या आणि इतरांच्या जीपीएस नोंदींशी चित्र जुळवून घ्यावे आणि मगच रेषा काढावी. चारचाकी किंवा बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीची शेतवाट ‘हायवे=ट्रॅक’ असते, तर पायी किंवा सायकलने जाण्याजोगी अरुंद वाट ‘हायवे=पाथ’. केवळ सायकलवाले ती वापरतात म्हणून तिला ‘हायवे=सायकलवे’ करू नये; तो टॅग सायकलसाठी म्हणून बांधलेल्या किंवा तशा जाहीर केलेल्या मार्गासाठी आहे. सोलापूरच्या माळावर तसे काही मला अजून सापडलेले नाही.

पृष्ठभाग, रुंदी आणि वाट किती स्पष्ट दिसते हे इथेच टाकावे. कोणी आखलेली नसून केवळ पायांनी पडलेली वाट असेल तर ‘इन्फॉर्मल=यस’ लावावा. या टॅगचा अर्थ ‘बेकायदा’ असा लावून पुष्कळ जण मनाईऐवजी तोच टाकतात. त्याने मनाई होत नाही. तो फक्त वाट कशी तयार झाली एवढेच सांगतो.

रेषा कधी खोडावी? वाट कधीच नव्हती, म्हणजे ती जीपीएसच्या चुकीतून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून निर्माण झाली होती, तेव्हा खोडावी. त्या जागेवर घर, कालवा किंवा शेततळे झाले असेल तेव्हाही. वाट मोडली असली पण खुणा शिल्लक असल्या, तर ‘डिसयूज्ड:’ किंवा ‘अबँडन्ड:’ हा उपसर्ग लावला की ती साधारण नकाशांतून दिसेनाशी होते, पण नोंद राहते. मालकाची हरकत हे खोडण्याचे कारण नाही, आणि हे मी तत्त्वापेक्षा अनुभवाने सांगतो आहे. खोडलेली वाट उपग्रहचित्रात दिसतच राहते. सहा महिन्यांनी पुण्या-मुंबईत बसलेला कोणी नवखा मॅपर ती प्रामाणिकपणे परत काढतो, आणि परत येताना तिच्यासोबत मनाईचा टॅग मात्र येत नाही. ज्या शेतकऱ्यासाठी म्हणून ती खोडली, त्याच्याच रानात पुन्हा सायकली येतात.

## टप्पा ४: मग प्रवेश नोंदवणे

पहिला नियम असा, की ‘ॲक्सेस’ हा टॅग सगळ्यांना लागू होतो आणि ‘बायसिकल’ फक्त सायकलींना. हरकत सायकलींना असताना ‘ॲक्सेस=प्रायव्हेट’ लावला की शाळेत पायी जाणाऱ्या मुलांचीही वाट नकाशात बंद होते. मूल्ये निवडताना पुढील क्रमाने विचार करावा.

सायकलींना मनाई असल्याचा फलक किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असेल तर ‘बायसिकल=नो’. प्रत्येकाने मालकाला विचारूनच जायचे असेल तर ‘बायसिकल=प्रायव्हेट’. मालक सर्वांना जाऊ देतो, पण मनात येईल तेव्हा बंद करू शकतो, असे असेल तर ‘बायसिकल=पर्मिसिव्ह’. अर्ज केल्यावर रीतसर परवाना मिळत असेल तर ‘पर्मिट’. सार्वजनिक हक्क स्पष्ट असेल तरच ‘बायसिकल=यस’. आणि यांतले काहीच ठाऊक नसेल तर टॅग टाकूच नये. रिकामी जागा म्हणजे ‘माहीत नाही’, आणि अंदाजाने भरलेल्या जागेपेक्षा ती कितीतरी उपयोगी असते. मी गेलो आणि कोणी अडवले नाही, हा ‘यस’ टाकण्याचा पुरावा नव्हे.

दरवर्षी ठरावीक महिन्यांतच वाट बंद होत असेल तर अटीसह मूल्य देता येते. उदाहरणार्थ, ‘बायसिकल:कंडिशनल’मध्ये ऑक्टोबर ते फेब्रुवारी ‘नो’. मात्र हे किमान दोन हंगाम पाहिल्यावरच करावे.

### शेतरस्त्यांचे कायदे आणि त्यांचा गैरसमज

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेतात जाण्याच्या रस्त्यातील अडथळा तहसीलदार दूर करू शकतात आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता देण्याबाबत निर्णय देऊ शकतात. असा एखादा आदेश हाती लागला की काही जण लगेच ‘बायसिकल=यस’ लावून मोकळे होतात. हे हक्क शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी असतात. रविवारच्या सायकलस्वाराला त्यातून काहीही मिळत नाही. वहिवाटीने हक्क मिळतो हा युक्तिवादही जपून करावा: सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे त्यासाठी वीस वर्षांचा अखंड, उघड आणि हक्क म्हणून केलेला वापर लागतो, तीन हिवाळ्यांच्या फेऱ्या त्यात बसत नाहीत. दोन शेतकऱ्यांमध्येच रस्त्याचा दावा चालू असेल तर मॅपरने फक्त जमिनीवरची स्थिती नोंदवावी आणि बाजूला व्हावे.

### माळढोक अभयारण्याची बाजू

नान्नजकडील वाटांवरचे वाद सगळ्यात तापतात, कारण दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेशावर निर्बंध आहे. पण त्याच कलमात अभयारण्यातील स्थावर मालमत्तेवर हक्क असलेल्यांना आणि सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्यांना सूट आहे. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र मुळात सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि त्यात गावेच्या गावे येत होती. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. त्यामुळे कोणतीतरी जुनी सीमा हाती धरून तिच्या आतील यच्चयावत रेषांना एका झटक्यात ‘ॲक्सेस=नो’ लावणे ही घोडचूक आहे. असे केल्याने सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे गाव आणि शेतकऱ्याची गाडीवाट, दोन्ही नकाशात बंद होतात. अशा घाऊक संपादनाला आधी चर्चा करण्याची ओपनस्ट्रीटमॅपची अटच आहे.

उलट बाजूने, वनविभागाच्या कुरणातून जाणारी, कुंपणाआडची वाट ‘सगळेच तर जातात’ म्हणून मोकळी सोडणेही चालणार नाही. माळढोक जमिनीवरच अंडी घालतो, आणि त्याच्या विणीचा काळ पावसाळ्यात येतो, म्हणजे नेमका तेव्हाच, जेव्हा हिरवा माळ पाहून सायकलवाल्यांना तिकडे जावेसे वाटते. इथे प्रत्येक वाट वेगळी तपासावी: ती सार्वजनिक रस्ता आहे, खाजगी शेताची वाट आहे की वनक्षेत्राच्या आतली आहे. तिसऱ्या प्रकारातील वाटेला परवान्याची किंवा मनाईची नोंद लावावी आणि फलकाचे छायाचित्र पुरावा म्हणून जपावे.

तपासणी: टॅग लावल्यावर स्वतःला विचारावे की उद्या दुसरा मॅपर जागेवर गेला तर त्याला हेच मूल्य पटेल का. पटण्यासाठी त्याला तुम्हाला फोन करावा लागणार असेल तर नोंद अपुरी आहे.

## टप्पा ५: कठीणपणाची श्रेणी

यावर भांडण्याइतके आपल्याकडे फारसे काही नाही. ‘एमटीबी:स्केल’ ० ते ६ असते आणि सोलापूरच्या माळावरील बहुतेक वाटा ० किंवा १ मध्ये बसतात. बालाघाटच्या उतारांवर सुट्या दगडांमुळे २ पर्यंत जाता येईल. श्रेणी कोरड्या हवामानातील वाटेची द्यावी, स्वतःच्या कौशल्याची नव्हे. चढासाठी वेगळा टॅग आहे. कठीणपणा जिथे बदलतो तिथे रेषा तोडावी, कारण शेवटच्या पन्नास मीटरच्या खडकासाठी चार किलोमीटरची वाट अवघड ठरवण्यात अर्थ नाही.

## टप्पा ६: कारण लिहिणे आणि बोलणे

प्रत्येक चेंजसेट, म्हणजे एकत्र जतन केलेल्या बदलांचा गठ्ठा, एका वाटेपुरता किंवा एका परिसरापुरता ठेवावा. ‘दुरुस्ती केली’ ही टिप्पणी नसून भांडणाचे आमंत्रण असते. उपयोगी टिप्पणी अशी दिसते: ‘हिप्परगा तलावामागील पायवाट. जानेवारीत दोनदा पायी पाहणी. वाट जमिनीवर स्पष्ट आहे, रेषा कायम ठेवली. सायकलसाठी परवानगी लागते असे शेतमालकाने प्रत्यक्ष सांगितले, म्हणून यस बदलून प्रायव्हेट.’ मालकाचे नाव, गट क्रमांक आणि फोन त्यात कधीही लिहू नये. ही टिप्पणी सार्वजनिक असते आणि मागे घेता येत नाही.

दुसऱ्याचे संपादन चुकीचे वाटले तर आधी उलटवू नये. त्याच्या चेंजसेटवर प्रश्न विचारावा, तोही आरोप न करता: ‘आपण ही वाट पाहिली त्या वेळी फाटक होते का?’ उत्तरासाठी मी किमान सात दिवस थांबतो. ज्यांची नोकरी आहे, घर आहे, त्यांच्यासाठी हा काळ फार नाही. उत्तर आले की शक्य असल्यास दोघांनी मिळून त्या वाटेवर जावे. चर्चेत जे आठवडाभर सुटत नाही ते वाटेच्या तोंडाशी उभे राहिल्यावर दहा मिनिटांत सुटते, कारण तिथे फलक एकतर असतो किंवा नसतो.

एक तक्रार मात्र मॅपरच्या हातातली नसते. टॅग बरोबर असूनही एखाद्या ॲपमध्ये मनाई असलेली वाट ठळक दिसत राहते, कारण ते ॲप प्रवेशाचे टॅग वाचतच नाही किंवा जुना डेटा दाखवते. अशा वेळी ॲपच्या निर्मात्यांना लिहावे. त्यांच्या उणिवेसाठी नकाशातली रेषा खोडू नये.

## टप्पा ७: तरीही मिटत नसेल तर

एकच बदल दोनदा उलटसुलट झाला की तिसऱ्यांदा स्वतः हात लावू नये, मग बाजू कितीही भक्कम असो. आधी परिसरातील इतर मॅपर्ससमोर पुरावा ठेवावा: आवृत्त्यांचे दुवे, पाहणीच्या तारखा, छायाचित्रे आणि समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत. तेवढ्यानेही भागले नाही तर ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या डेटा वर्किंग ग्रुपकडे जावे. हा गट प्रामुख्याने जमिनीवर काय आहे यावरून निर्णय घेतो. तो एखाद्या खात्याला संदेश वाचल्याशिवाय संपादन करू न देण्यापासून काही काळ रोखून धरण्यापर्यंत पावले उचलू शकतो. त्यांच्याकडे पाठवायचे पत्र एका पानाचे असावे. समोरच्याचा स्वभाव, त्याचे जुने गुन्हे, सायकल क्लबातले राजकारण यांतले काही त्यात नसावे.

सावधान: निर्णय येईपर्यंत ती रेषा आहे त्या स्थितीत राहू द्यावी. ‘तात्पुरते’ म्हणून केलेला बदल तुमच्याविरुद्धचा पहिला पुरावा ठरतो.

## टप्पा ८: फेरपाहणी

वाद मिटलेल्या वाटेला ‘चेक डेट’ हा टॅग लावून पाहणीची तारीख नोंदवावी, आणि पुढची फेरी पिकाच्या हिशेबाने ठरवावी. हिप्परग्यामागच्या त्या वाटेवर मी ज्वारी निघाल्यावर, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जातो. गेल्या खेपेला काट्या बाजूला सारलेल्या होत्या आणि वाट मोकळी दिसत होती. मालकाला विचारले, तर त्याचे म्हणणे तेच होते: पायी या, सायकली विचारल्याशिवाय नकोत. म्हणून टॅग बदलला नाही, फक्त तारीख पुढे सरकवली.